विश्लेषण : तीन ओळींचा गजर एका ओळीत... लिनक्सच्या ‘टायमर’ची साफसफाई एवढी महत्त्वाची का?

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाऊट फोन’ या पानावर, अँड्रॉइड आवृत्तीच्या आत ‘कर्नल व्हर्जन’ नावाची एक ओळ असते. ४.१४, ४.१९, ५.१० किंवा ६.१ असा काहीतरी आकडा तिथे दिसतो. बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो आणि पाहण्याची गरजही पडत नाही. हा आकडा म्हणजे फोनच्या तळाशी चालणाऱ्या लिनक्स कर्नलची आवृत्ती. त्यातील ४.१४ आणि ४.१५ या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक मोठी साफसफाई झाली. शेकडो ड्रायव्हरमध्ये टायमर सुरू करण्याची जुनी पद्धत मोडीत काढून नवी आणली गेली. वरवर पाहता तीन ओळींचे काम एका ओळीत आले, एवढेच. पण ओळी वाचल्या हा या बदलाचा सर्वांत किरकोळ फायदा आहे. असे बदल म्हणजे हौशी मंडळींचा वेळखाऊपणा, असे म्हणणारे या क्षेत्रात कमी नाहीत. त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच.

कर्नलला गजर कशाला लागतो?

ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा कर्नलमधील कोड. वाय-फाय चिप, टचस्क्रीन, ब्लूटूथ, स्टोरेज अशा प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. या सगळ्यांना एक गोष्ट सतत लागते, ती म्हणजे ‘थोड्या वेळाने मला उठव’ असे सांगण्याची सोय. वाय-फाय चिपला आज्ञा दिली आणि उत्तर आले नाही, तर किती वेळ वाट पाहायची? बटण दाबले की त्याचा विद्युत संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो, मग खरा दाब कोणता हे कधी ठरवायचे? इंटरनेटवर पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही, तर ते पुन्हा कधी पाठवायचे? ही सारी कामे टायमर करतो.

कर्नल आपला काळ ‘जिफी’ नावाच्या ठोक्यांत मोजतो. कर्नल कसा बांधला आहे त्यानुसार सेकंदाला १००, २५० किंवा १००० ठोके पडतात. टायमरमध्ये कोणत्या ठोक्याला जागे व्हायचे ते नोंदवलेले असते. (जाता जाता : ३२ बिटांच्या यंत्रांवर हा ठोक्यांचा मोजणीकाटा कधीतरी भरून पुन्हा शून्यावर येतो. ही वेळ अनेक दिवसांनी आली तर तिथली चूक कोणाला सापडणारच नाही, म्हणून कर्नलकारांनी मुद्दाम काट्याची सुरुवात अशी ठेवली आहे की यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच तो शून्यावर येतो. चूक असेल तर डोळ्यांदेखत होऊ दे, असा हा हिशेब.)

जुनी पद्धत काय होती?

जुन्या पद्धतीत ड्रायव्हर लिहिणारा आधी ‘इनिट-टायमर’ला बोलवायचा. त्याने टायमरची पाटी कोरी व्हायची. पुढच्या ओळीत, वेळ झाल्यावर कोणते फंक्शन चालवायचे ते त्या पाटीवर लिहायचे. तिसऱ्या ओळीत त्या फंक्शनच्या हाती द्यायचा एक आकडा, म्हणजे ‘डेटा’, भरायचा. झाला टायमर तयार.

तीन ओळी एकाखाली एक असतील तर फारसे बिघडत नाही. पण प्रत्यक्षात त्या एकाखाली एक नसत. पाटी कोरी करण्याचे काम उपकरण ओळखले गेले तेव्हा, फंक्शन भरण्याचे काम उपकरण उघडले तेव्हा आणि डेटा आणखी तिसऱ्याच ठिकाणी, अशी विखुरलेली मांडणी अनेक ड्रायव्हरमध्ये होती. मधली एखादी वाट चुकली आणि फंक्शन भरायचे राहूनच टायमर लावला गेला, तर कर्नल तिथल्या तिथे थांबे. कारण रिकाम्या जागी उडी मारण्यापेक्षा थांबलेले बरे. उलट, टायमर आधीच रांगेत असताना चुकून त्याची पाटी पुन्हा कोरी केली, तर रांगेची साखळीच तुटे. हा दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्याचे परिणाम भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी दिसतात.

याला जोड कॉपी-पेस्टची. लिनक्सचा ड्रायव्हर कोऱ्या कागदावर क्वचितच लिहिला जातो. जवळपासच्या उपकरणाचा चालणारा ड्रायव्हर घ्यायचा आणि त्यात आपले बदल करायचे, ही सर्रास रीत आहे. त्यामुळे एका ड्रायव्हरमधील ढिसाळ मांडणी पुढच्या दहा ड्रायव्हरमध्ये जाते. जुना नमुना झाडावर लटकत राहिला तर नवे लोक तोच तोडून नेणार, हे उघड आहे.

ढालकिडा आणि पहिली झाडलोट

यावरचा पहिला उपाय ‘सेटअप-टायमर’. टायमर, फंक्शन आणि डेटा तिन्ही एकाच ओळीत द्यायचे आणि मोकळे व्हायचे. ही सोय बरीच वर्षे कर्नलमध्ये होती, तरी जुने तीन ओळींचे नमुने तसेच पडून होते. ते बदलण्यासाठी ‘कॉक्सिनेल’ हे साधन कामी आले. फ्रान्समधील ‘इन्रिया’ या संशोधन संस्थेतील ज्युलिया लॉल यांच्या नावाशी जोडलेले हे साधन. फ्रेंचमध्ये कॉक्सिनेल म्हणजे लेडीबर्ड, आपल्याकडील शेतकऱ्याचा मित्र ढालकिडा. पिकावरचा मावा जसा तो फस्त करतो, तसे हे साधन कोडमधील किडे खाते, असा तो श्लेष.

साधा शोधा-आणि-बदला यापेक्षा कॉक्सिनेल हुशार आहे. ‘या टायमरची पाटी कोरी होते, पुढे त्याच टायमरचे फंक्शन भरले जाते, नंतर डेटा भरला जातो; असा क्रम दिसला तर तिन्ही काढून एक ओळ घाल’ असा नियम त्याला सांगता येतो. व्हेरिएबलची नावे काहीही असोत, मधल्या ओळी किती का असेनात, ते क्रम ओळखते. या नियमाच्या जोरावर एकामागून एक ड्रायव्हर सरळ होत गेले. कर्नलमध्ये पहिले पाऊल टाकणाऱ्या अनेकांनी, त्यात भारतातील तरुणही आले, असेच बदल पाठवून सुरुवात केली. अशा बदलाच्या पाठवणीत लिहिलेले कारणही ठरावीक असे : टायमरची सुरुवात सोपी केली.

पण खरे सांगायचे तर ही सोपी करण्याची पायरी वरवरचीच होती. ओळी कमी झाल्या, मुळातील दुखणे राहिले. ते दुखणे होते तिसऱ्या ओळीत.

डेटाची गोम काय?

‘डेटा’ हा नुसता एक पूर्णांक असे. पण ड्रायव्हरला पूर्णांक नको असतो. गजर वाजला की ‘हा कोणत्या उपकरणाचा गजर’ हे त्याला हवे असते. म्हणून ड्रायव्हर आपल्या उपकरणाच्या माहितीचा मेमरीतील पत्ता घेई, तो जबरदस्तीने पूर्णांकात बदली आणि डेटाच्या जागी ठेवी. गजर वाजल्यावर त्या पूर्णांकाचा पुन्हा जबरदस्तीने पत्ता करी. या येण्या-जाण्यात कंपायलरला काहीच तपासता येत नाही. वाय-फायच्या जागी कीबोर्डचा पत्ता दिला तरी त्याच्या लेखी तो एक आकडाच.

रेल्वे स्थानकावरील क्लोकरूमचे उदाहरण घ्या. सामानावर बिल्ला लावण्याऐवजी काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठीवर फक्त एक नंबर पेन्सिलीने लिहिला आणि ‘जो नंबर आणाल त्याचे सामान देऊ’ म्हटले, तर? चिठ्ठी ज्याच्या हाती पडली त्याने नंबर खोडून दुसरा लिहायचा, की दुसऱ्याचे सामान त्याचे. त्यातही त्याच चिठ्ठीवर ‘सामान कोणी काढून द्यायचे’ हेही पेन्सिलीनेच लिहिलेले असेल तर प्रश्नच मिटला. टायमरच्या पाटीवर नेमके हेच होते : कोणते फंक्शन चालवायचे आणि त्याच्या हाती काय द्यायचे, हे दोन्ही शेजारी शेजारी.

२०१६च्या डिसेंबरमध्ये हे केवळ पुस्तकी भय नाही हे दिसले. फिलिप पेटरसन या सुरक्षा संशोधकाने लिनक्सच्या नेटवर्क भागातील एक छिद्र जाहीर केले. त्याचा नोंदणी क्रमांक ‘सीव्हीई-२०१६-८६५५’. हे छिद्र २०११पासून कोडमध्ये होते. दोन कामे एकाच वेळी विशिष्ट क्रमाने घडवली, तर सॉकेटची मेमरी कर्नल मोकळी करी, पण त्यातील टायमर रांगेतच राही. घर पाडले, पण भिंतीवरचा गजर लावलेलाच राहिला, असे काहीसे. हल्लेखोर मग त्या मोकळ्या जागेत आपल्या मनाजोगती पाटी ठेवी : फंक्शन त्याच्या निवडीचे, डेटाही त्याच्या निवडीचा. वेळ झाली की कर्नल इमानेइतबारे ते फंक्शन तो डेटा देऊन चालवी. त्यातून साधा वापरकर्ता यंत्राचा मालक होऊ शके.

इथे न्यायाने बोलायला हवे. ती चूक टायमरची नव्हती, नेटवर्कच्या कोडमधील स्पर्धेची होती. टायमरची पद्धत नवी असती तरी छिद्र राहिलेच असते. पण छिद्रातून आत आलेल्याच्या हाती तयार किल्ल्यांचा जुडगा देणारी रचना मात्र टायमरचीच होती.

२०१७ : पाटीवरून डेटा पुसला

कर्नलच्या सुरक्षेसाठी ओळखले जाणारे, तेव्हा गूगलमध्ये असलेले केस कुक यांनी २०१७मध्ये हे काम हाती घेतले. नवे फंक्शन आले ‘टायमर-सेटअप’. नावात शब्दांची फक्त अदलाबदल. पहिल्यांदा वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ व्हावा अशी ही निवड, पण ते असो. आशयात फरक मोठा आहे. आता डेटा द्यायचाच नाही. गजर वाजला की ड्रायव्हरच्या फंक्शनला कर्नल त्या टायमरचाच पत्ता देतो.

मग ‘कोणत्या उपकरणाचा गजर’ हे कळणार कसे? टायमर बहुतेक वेळा उपकरणाच्या माहितीच्या पेटीतच बसवलेला असतो. एखाद्या सोसायटीत सगळ्या फ्लॅटचा नकाशा सारखा असेल आणि विजेचा मीटर दारापासून कायम तीन फुटांवर असेल, तर मीटर सापडला की दार सापडले. कंपायलरला पेटीचा नकाशा माहीत असतो. टायमरच्या पत्त्यातून ठरलेले अंतर वजा केले की पेटीची सुरुवात मिळते. कर्नलमध्ये ही युक्ती इतरत्र आधीपासून सर्रास वापरात होती. टायमरच तेवढा मागे राहिला होता.

याचे फायदे एकापेक्षा जास्त. पेन्सिलीचा नंबरच नाही, त्यामुळे तो खोडण्याचा प्रश्न नाही. टायमर नसलेली भलतीच वस्तू दिली तर कंपायलर ओरडतो. आणि तिसरा फायदा पुढच्या काळाचा. ‘कंट्रोल फ्लो इंटेग्रिटी’ नावाच्या संरक्षणात कर्नल एखाद्या फंक्शनकडे उडी मारण्यापूर्वी त्याचा साचा तपासतो. पूर्णांक घेणारी फंक्शने कर्नलमध्ये पुष्कळ. त्यामुळे जुन्या टायमरच्या नावाखाली त्यातले कोणतेही चालून गेले असते. टायमर घेणारी फंक्शने मात्र फक्त टायमरचीच. दाराशी ओळखपत्र पाहणाऱ्याचे काम सोपे झाले. २०१८मध्ये गूगलच्या पिक्सेल ३ फोनच्या कर्नलमध्ये हे संरक्षण आले, हा योगायोग नाही.

मेमरीचाही हिशेब आहे. ६४ बिटांच्या यंत्रावर प्रत्येक टायमरमागे ८ बाइट वाचले. इंटरनेटच्या प्रत्येक टीसीपी जोडणीला साधारण तीन टायमर असतात, म्हणजे कागदावर २४ बाइट. फोनवर हे नगण्य. दहा लाख जोडण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरवर सुमारे २४ एमबी. बातमी व्हावी एवढे हे नाही, पण फुकटात मिळते तेव्हा नाही कोण म्हणेल?

अवघड भाग कोणता होता?

सरळ नमुने कॉक्सिनेलने बदलले. उरलेल्यांना माणूस लागला. काही ड्रायव्हर एकच टायमर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामाला जुंपत. काहींचा डेटा पत्ता नव्हताच, खरोखरचा आकडा होता. काही ठिकाणी टायमर पेटीत नसून सुटा होता, त्यामुळे नकाशाची युक्ती लागू पडेना. खुद्द कर्नलच्या झोपेच्या यंत्रणेतही, म्हणजे एखाद्या प्रोसेसला ठरावीक वेळ झोपवून उठवण्याच्या कोडमध्ये, डेटाच्या जागी त्या प्रोसेसचा पत्ता ठेवलेला होता. तिथे टायमर आणि प्रोसेसचा पत्ता दोन्ही मावतील अशी छोटी नवी पेटी करावी लागली.

आणि मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाली. ४.१५च्या तयारीत ‘इनिट-टायमर’ आणि ‘सेटअप-टायमर’ दोन्ही कर्नलमधून काढून टाकले गेले. डेटाची जागाही गेली. कर्नलमध्ये अर्धवट राहिलेल्या सुधारणांची उदाहरणे कमी नाहीत; नवी सोय येते, जुनी ‘तात्पुरती’ राहते आणि वर्षानुवर्षे दोन्ही नांदतात. इथे तसे झाले नाही. साफसफाईचे मोल जुने दार बंद होते त्या दिवशी मिळते, नवे दार उघडते त्या दिवशी नाही. २८ जानेवारी २०१८ रोजी ४.१५ आवृत्ती आली. ती गाजली वेगळ्याच कारणाने : प्रोसेसरमधील मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांवरचे पहिले उपाय तिच्यात होते. टायमरकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

आक्षेप घेणारे काय म्हणतात?

पहिला आक्षेप : चालत्या कोडला हात का लावायचा? शेकडो ड्रायव्हरपैकी कित्येकांचे हार्डवेअर बदल करणाऱ्याकडे नसते. तो कंपाइल करून पाहतो, चालवून पाहू शकत नाही. हा आक्षेप रास्त आहे. देखभाल करणाऱ्याचा वेळ मोजका असतो आणि एका ओळीचा बदलही वाचावा लागतोच. छोटा, निरागस दिसणारा बदल धोक्याचा असू शकतो हे २०२१मध्ये दिसले. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी जाणूनबुजून दोष असलेल्या किरकोळ दुरुस्त्या पाठवल्याचे उघड झाले आणि ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणाऱ्या बदलांना बंदी घातली.

केवळ नावापुढे एक बदल लागावा म्हणून रिकाम्या जागा आणि स्वल्पविराम सारखे करणाऱ्यांबद्दलची नाराजी म्हणूनच समजण्यासारखी आहे. पण तिन्ही पायऱ्यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. स्वल्पविराम हलवल्याने काही बदलत नाही. तीन ओळी एका ओळीत आणल्याने विसरण्याची एक जागा कमी होते. डेटा काढून टाकल्याने हल्ल्याची एक तऱ्हाच बाद होते. शिवाय दुसरी पायरी झालेली होती म्हणून तिसरी सोपी गेली : टायमर कुठे, फंक्शन कोणते, डेटा कोणता हे एका ओळीत असले की यंत्राला ते बदलता येते, तीन ठिकाणी विखुरलेले असले की माणसाला शोधत बसावे लागते. नवख्यांनी केलेली ती कंटाळवाणी झाडलोट वाया गेली नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. लिनक्स एक वचन पाळतो : वापरकर्त्याचे प्रोग्राम मोडायचे नाहीत. ड्रायव्हरला मात्र असे वचन नाही. कर्नलच्या आतली फंक्शने कधीही बदलू शकतात. ४.१५ आल्यावर कर्नलच्या झाडाबाहेर ठेवलेले अनेक ड्रायव्हर, विशेषतः स्वस्त यूएसबी वाय-फाय डोंगलचे, कंपाइल होईनासे झाले. त्याचा भुर्दंड ज्याने डोंगल घेतले त्याला पडला. यावर ‘ड्रायव्हर झाडात का दिला नाही’ हे कर्नलकारांचे उत्तर तत्त्वतः बरोबर आहे. झाडातील प्रत्येक ड्रायव्हर बदल करणाऱ्याने स्वतः सरळ करून दिला, कंपनीला बोटही हलवावे लागले नाही. पण ३००-४०० रुपयांचे डोंगल घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे उत्तर देऊन उपयोग नाही. दोष कंपनीचा, त्रास ग्राहकाचा, ही विषमता मान्य करूनच या बदलांचे समर्थन करायला हवे.

आपल्या फोनचे काय?

इथे तो सुरुवातीचा आकडा कामी येतो. ४.१४ ही आवृत्ती १२ नोव्हेंबर २०१७ रोजी आली आणि दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांपैकी ठरली. तिची अधिकृत देखभाल जानेवारी २०२४मध्ये संपली. स्नॅपड्रॅगन ८५५ या २०१९च्या वरच्या श्रेणीतील चिपचे फोन याच कर्नलवर आले. ४.१४मध्ये ‘टायमर-सेटअप’ होते, पण पाटीवरची डेटाची जागाही होती. म्हणजे नवे दार बसले, जुने उघडेच. एका आकड्याने हुकलेली ही आवृत्ती असंख्य फोनमध्ये वर्षानुवर्षे चालली. पुढच्या वर्षीच्या स्नॅपड्रॅगन ८६५चे फोन ४.१९वर आले, तिथे जुने दार नव्हते.

फोनचा कर्नल सहसा पूर्ण आयुष्यात मोठी उडी घेत नाही. सुरक्षेचे तुकडे मागून येऊन बसतात, पण अशी रचनेतील सुधारणा मागे नेली जात नाही. त्यामुळे फोन घेताना रॅम आणि कॅमेरा विचारणाऱ्याने कर्नलचा आकडाही विचारला तर दुकानदार गोंधळेल, पण प्रश्न चुकीचा ठरणार नाही.

काम संपले का?

नाही. टायमर नीट सुरू करणे जमले, बंद करण्याचा घोळ उरला होता. ड्रायव्हर काढताना टायमर थांबवला, पण तेवढ्यात दुसऱ्या कोणी तो पुन्हा लावला तर? फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीत यासाठी ‘टायमर-शटडाउन’ आले. ते टायमरमधील फंक्शनची जागाच रिकामी करते आणि पुढे कोणी लावायचा प्रयत्न केला तर कर्नल मुकाट्याने दुर्लक्ष करतो. पूर्वी ज्या रिकाम्या जागेने कर्नल थांबे, तीच आता ‘हा टायमर निवृत्त’ अशी खूण झाली आहे.

सूक्ष्म वेळ मोजणाऱ्या ‘एचआर-टायमर’ची सुरुवात तर अलीकडेपर्यंत जुन्याच वळणाची होती : आधी पाटी कोरी करा, मग वेगळ्या ओळीत फंक्शन भरा. त्यासाठी ‘एचआर-टायमर-सेटअप’ २०२५च्या जानेवारीतील ६.१३मध्ये आले आणि मे महिन्यातील ६.१५पर्यंत जुने फंक्शन काढूनही टाकले गेले. त्याच ६.१५मध्ये साधा टायमर थांबवणाऱ्या फंक्शनची नावे बदलली आणि पाठोपाठ ६.१६मध्ये टायमरवरून पेटी शोधणाऱ्या युक्तीचेही. झाडाबाहेरचे ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांच्या कोडमध्ये ‘आवृत्ती यापेक्षा जुनी असेल तर हे, नवी असेल तर ते’ अशा अटींची आणखी एक चळत चढली आहे.